बाद माल

मलखाझ पुन्हा आला, तराजू घेऊन.
शनिवारीच येतो, सुक्या पुलाखालचा बाजार उठला की,
बुटांवर तिथली धूळ घेऊन.
चहाला नको म्हणतो. दारातूनच विचारतो,
"त्सियाला मावशी, सोन्याच्या पायांचे उरलेत का काही?"

ग्रॅमवर घेतो तो. तेजाबात टाकतो.
टोपी, पाय, आतली केसाएवढी तार,
सगळं उकळून बशीच्या तळाशी उरतो
नखभर पिवळा गाळ.
संपले रे, मी म्हणते. मागच्या वर्षीच संपले.
खोटं बोलताना मी दाराची कडी धरून ठेवते.

काचबंद सज्जात तीन कपाटं आहेत.
खालच्या फळीवर आलुबुखाराच्या चटणीच्या बाटल्या,
वर जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर,
काडेपेट्यांत, औषधाच्या डब्यांत,
आणि नवऱ्याच्या बुटांच्या खोक्यात, त्रेचाळीस नंबर,
रेडिओचे व्हॉल्व्ह, त्याच्याच मोज्यांत गुंडाळलेले.

कारखाना बंद झाला तेव्हा पगार नव्हता.
साहेब म्हणाले, घ्या, हाताला लागेल ते.
कोणी तांब्याची रिळं नेली, कोणी खिडक्या,
एकानं कॅन्टीनचं दार नेलं पाठीवरून.
मी माझं टेबल उघडलं
आणि ॲप्रनच्या दोन्ही खिशांत ओंजळी ओतल्या.
त्या हिवाळ्यात शहरात वीज नव्हती.
घरात अर्धा कारखाना, आणि मेणबत्ती एक.
नवरा म्हणाला, आता हे शिजव.
शिजत असते तर शिजवले असते.

एकोणीस वर्षं मी ठिपके दिले.
काटा बघायचा आणि ब्रशनं टोपीवर रंग:
मंद असेल तर हिरवा, बरा असेल तर पिवळा,
तेज असेल तर निळा.
शेजारच्या टेबलावर मानाना. तिचे ठिपके ओघळायचे,
बोलायची फार.
आता ती ग्रीसमध्ये कुण्या म्हातारीला आंघोळ घालते,
आणि तिचा ओघळ इथे, माझ्या डाव्या कपाटात.
माझा ठिपका गोल. भिंग घेऊन बघा.
सही करायची वेळ माझ्यावर फारशी आलीच नाही.

परवा एक पोरगा आला. रेझी. गिटार वाजवतो.
त्याला स्वच्छ आवाज नको होता.
खरखरता हवा, म्हणाला, घसा बसल्यासारखा.
मग मी अगदी मागचा डबा ओढला,
मलखाझला माहीत नसलेला.
बाद माल. रंग न लावलेला,
गळका, आतल्या आत कुजबुजणारा,
तपासनीस बाईंनी भंगारात टाक म्हटलेला.
मीटर जोडला. धर, म्हटलं, चिमटीत.
त्यानं धरला. काटा हलला,
आणि चढतच गेला.
"मी काही केलं नाही!" तो दचकून म्हणाला.
तुझी ऊब रे, म्हटलं. याला सोसत नाही.
बोटं लागली की बहकतो.
म्हणून तर बाद.

त्यानं हात काढला.
काट्याला परत यायला वेळ लागतो.
आम्ही दोघं बघत बसलो, चहा निवेपर्यंत.

दोन दिले. पैसे नको म्हटलं,
मग एक लारी घेतली,
फुकटचं कुणी नीट ठेवत नाही.
दाराशी त्यानं विचारलं, यांच्यावर ठिपका का नाही?

रंगाच्या बाटल्या केव्हाच दगड झाल्यात.
आरशाखाली नातीचं नेलपॉलिश होतं, जांभळं.
असा रंग आमच्या तक्त्यात नव्हता.
हात थोडा थरथरला,
ठिपका ओघळला, मानानासारखा.
थांब, म्हटलं, सुकू दे.
तो थांबला.